स्पीकर घेण्याआधी खोलीचे माप घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फोंडा, म्हापसा, मडगाव, पणजी या भागांत नुकतीच नोकरीला लागलेली कितीतरी मुले-मुली पहिल्या बचतीतून हायफायच्या, म्हणजे घरी अस्सल आवाजात संगीत ऐकण्याच्या, वाटेला लागली आहेत. कुणी स्पीकरची जोडी घेतो, कुणी रेकॉर्ड वाजवणारा टर्नटेबल, कुणी आजोबांचा माळ्यावर पडलेला अ‍ॅम्प्लिफायर खाली काढतो. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई आणि मंगेशीचे अभिषेकीबुवा ज्या मातीतले, तिथल्या मुलांना विलंबित ख्याल एका जागी बसून शेवटपर्यंत ऐकावासा वाटतो, ही फार मोलाची गोष्ट आहे. म्हणूनच या छंदात त्यांचा पैसा वाया जाताना पाहवत नाही. तो वाया जातो कारण खरेदीचा क्रम उलटा असतो. आधी महागडी वस्तू येते, मग ती ठेवायची कुठे याचा विचार होतो, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर ती बिघडते तेव्हा हवेची आठवण होते.

परदेशी व्हिडिओंत दिसणारी खोली पातळ लाकडी भिंतींची, जाड गालिचा अंथरलेली आणि कोरड्या हवेतली असते. आपल्या फ्लॅटमधली खोली सिमेंटची, खाली गुळगुळीत टाइल, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. शिवाय जूनपासून चार महिने भिंतींना ओल. तिथला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

मापाची गोष्ट आधी सांगतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक ठरावीक खर्ज स्वर अडकतो आणि घुमतो. तो शोधायचे गणित सोपे आहे: ध्वनीचा वेग भागिले अंतराची दुप्पट. आपल्याकडच्या ३० अंश तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्यामुळे १० फुटी खोलीत ५७ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५७ कंपनांचा, स्वर घुमतो. खोली १० बाय १० आणि छतही १० फुटांवर असेल तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही एकाच ५७ वर जोर लावतात, आणि त्याची दुप्पट ११४ तिथेही तेच होते. तबल्यावरची डग्ग्याची मींड ११४ ला पोचताच एकदम फुगते, पुढे गेली की विझते. ऐकणारा स्पीकरला दोष देतो, दुकानदार त्याला आणखी महाग स्पीकर दाखवतो. घरात १० बाय १२ ची खोली उपलब्ध असेल तर तीच निवडावी. १२ फुटांचा स्वर ४८ हर्ट्झला पडतो, म्हणजे निदान एक दिशा तरी वेगळी होते.

चौरस खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नये. तिथे ५७ चा स्वर जवळजवळ नाहीसा होतो आणि ११४ चा सर्वांत मोठा ऐकू येतो. पाठ भिंतीला टेकवूनही बसू नये, तिथे सगळा खर्ज साचतो. समोरच्या किंवा मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्के अंतरावर बसून पाहावे आणि तिथून वीत-वीत पुढेमागे सरकून कान सांगेल तिथे खुर्ची ठेवावी.

आपल्या संगीतासाठी सर्वांत उत्तम चाचणी तानपुऱ्याची. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात षड्ज १३८.६ हर्ट्झला आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्याला, म्हणजे ६९ ला असते. एकट्या तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण लावावे आणि चारही तारा सारख्याच वजनाने येतात का ते ऐकावे. डोके हातभर हलवल्यावर खर्जाची तार येते-जाते असे झाले तर दोष खोलीचा आहे. स्पीकर मागच्या भिंतीपासून सव्वा मीटर पुढे ओढला असेल तर ही तार हमखास पातळ होते. मागे गेलेला आवाज भिंतीवरून परत येताना बरोबर उलटा होऊन सरळ आवाजात मिसळतो आणि ६९ च्या आसपास त्याला मारतो. हे गणित वेग भागिले अंतराच्या चौपट असे आहे. स्पीकरची पुढची बाजू भिंतीपासून ३५ सेंटिमीटरवर आणली तर तीच मारामारी २५० हर्ट्झच्या आसपास सरकते, आणि तिथे भिंतीवरचे आवाज शोषणारे पॅनेल तिला आवरू शकते. ‘स्पीकर भिंतीपासून जितका दूर तितका चांगला’ हा सल्ला मोठ्या दिवाणखान्यांसाठी असतो. १२ फुटी खोलीत तो अंगाशी येतो.

तानपुऱ्याच्या या आकड्यातून आणखी एक खर्च वाचतो. पाच-साडेपाच इंची वूफरचा (खालचे स्वर वाजवणाऱ्या शंकूचा) चांगला स्पीकर ५५-६० हर्ट्झपर्यंत सहज उतरतो. शास्त्रीय संगीत, नाट्यगीते, भजन, घुमट आरती एवढेच ऐकायचे असेल तर छोट्या खोलीत सबवूफरची, म्हणजे फक्त खर्जासाठीच्या वेगळ्या स्पीकरची, गरज नाही. तो घेतला की खोलीतला घुमारा तेवढा वाढतो.

आता पॅनेल. अंड्यांचे ट्रे आणि इंचभर जाडीचा कोनदार फोम यांनी फक्त वरचे स्वर शोषले जातात. खोली निस्तेज वाटू लागते आणि खर्जाचा घोळ तसाच राहतो. लागते ते रॉकवूल, म्हणजे खनिज तंतूंची गादी: घनमीटरला ४८ किलो घनतेचे, ५० मिलिमीटर जाडीचे दोन थर एकत्र, म्हणजे १०० मिलिमीटर. औद्योगिक इन्सुलेशन विकणाऱ्याकडे ते मिळते. २ बाय ४ फुटांची लाकडी चौकट, आत रॉकवूल, त्यावर पातळ न विणलेले कापड, म्हणजे तंतू झडणार नाहीत, आणि वर सुती कापड. हे वरचे कापड तोंडाला लावून फुंकर मारावी. ती आरपार गेली तर ते कापड चालेल. रेक्झिन किंवा प्लास्टिकचे अस्तर असलेले कापड लावले की आवाज आत शिरतच नाही. काम करताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि मास्क हवाच, कारण तंतू त्वचेला आणि घशाला टोचतात.

१० बाय १२ च्या खोलीला अशी सहा पॅनेल पुरतात. दोन बाजूच्या भिंतींवर, दोन स्पीकरच्या मागे, दोन ऐकणाऱ्याच्या मागे. बाजूची जागा आरशाने सापडते. आपण खुर्चीत बसायचे, दुसऱ्याने भिंतीला चिकटवून आरसा सरकवत न्यायचा, ज्या ठिकाणी आरशात स्पीकरचा ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) दिसेल तिथे पॅनेल टांगायचे. आणि गोव्यात एक नियम कधी मोडू नये: पॅनेल भिंतीला चिकटवू नका, दोन इंच फट सोडा. फटीमुळे खालचे स्वरही थोडे जास्त शोषले जातात, हा फायदा आहेच, पण मुख्य म्हणजे वारा खेळतो. रॉकवूल खनिज असल्याने त्याला स्वतःला बुरशी लागत नाही. ती लागते चौकटीच्या लाकडाला, कापडाला आणि आत साठलेल्या धुळीला. पावसाचा मारा झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर फट चार इंचांची ठेवावी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा पॅनेल उतरवून मागची बाजू पाहावी.

जुन्या चिरेबंदी, कौलारू घरात राहणाऱ्यांचे नशीब चांगले. भिंती जाड आणि खरखरीत, वर कौले, त्यामुळे खर्जाला निघून जायला वाट असते आणि खोली फारशी घुमत नाही. तिथे अडचण एकच, पाऊस कौलांवर सुरू झाला की मंद्र सप्तकातला आलाप बुडतो. त्या घरांत ऐकण्याचा खरा हंगाम नोव्हेंबर ते मे.

स्पीकर स्टँडवर असे ठेवावेत की ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येईल, जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटर. लोखंडी पोकळ नळीचा स्टँड घेतला तर तो वाळूने भरावा, म्हणजे नळी वाजत नाही. पण समुद्रकिनाऱ्यावरची वाळू भरू नये. तिच्यातले मीठ हवेतला ओलावा ओढून नळी आतून खाते. वाळू नदीची, धुतलेली, कढईत कोरडी भाजून गार केलेली हवी, आणि नळीची दोन्ही टोके बंद केलेली.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ८६ डेसिबल. दोन मीटरवर बसलात तर ६ कमी होतात, दोन स्पीकरचे ३ वाढतात, म्हणजे ८३. घरात माणूस सरासरी ७५ डेसिबलवर ऐकतो, तबल्याची थाप त्याच्या वर २० जाते असे धरले तर ९५ लागतात. ८३ वरून ९५ ला जायला १२ डेसिबल, म्हणजे १६ पट शक्ती: १६ वॅट. तेव्हा ३० ते ५० वॅटचा प्रामाणिक अ‍ॅम्प्लिफायर छोट्या खोलीला भरपूर झाला. हल्ली तळहाताएवढे क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर मिळतात आणि त्यांतले काही खरोखर चांगले आहेत, पण खोक्यावर ‘३०० वॅट अधिक ३०० वॅट’ आणि सोबत ३२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर तो अडॅप्टरच मुळी १६० वॅटचा आहे. त्यातून ६०० कसे निघतील?

वायरीवर हजारो रुपये घालणे आम्हाला अजिबात पटत नाही. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर नेली तर जाण्यायेण्याचा मिळून रोध ०.०७ ओहम, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरपुढे एक टक्काही नाही. आपल्या खाऱ्या हवेत फक्त एवढे पाहावे की तांब्यावर कथलाचा मुलामा असेल. उघडे तांबे वर्ष-दोन वर्षांत काळे-हिरवे पडते. ते टोक कापून नवे सोलून बसवायचे, बस्स. डॅकचेही, म्हणजे डिजिटल संगीताचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या यंत्राचेही, तसेच. मोबाईलला लावायचा साधा, नावाजलेला यूएसबी डॅक सीडीच्या दर्जाचे, म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झचे संगीत उत्तम देतो. शंभर रुपयांपैकी पन्नास स्पीकरला, वीस खोलीला, वीस अ‍ॅम्प्लिफायरला आणि दहा बाकी सगळ्याला, असा हिशेब धरावा.

पावसाळ्याचे मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण गोव्यात या छंदाचा खरा शत्रू तोच. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक खोलीत ठेवावा. आकडा ६० टक्क्यांच्या वर सतत राहिला की बुरशी धरते, आणि जुलैत तो आठवडेच्या आठवडे ८५ च्या वर असतो. अ‍ॅम्प्लिफायर या दिवसांत रोज दीड-दोन तास चालू ठेवावा. त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतला ओलावा उडतो आणि रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचे) संपर्क काळे पडत नाहीत. एक बाजू अधूनमधून गप्प होते आणि आवाज वाढवला की परत येते, हे बहुतेक वेळा याच काळ्या पडलेल्या रिलेचे लक्षण असते. एसी चालवून बंद केल्यावर लगेच खिडक्या उघडू नयेत. गार झालेल्या यंत्रावर बाहेरच्या दमट हवेचे दव धरते. तसे झालेच तर तासभर यंत्र सुरू करू नये. प्लग आणि सॉकेट चवथीच्या सुमारास एकदा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. स्पीकरच्या पेटीला खर्जासाठी ठेवलेल्या भोकातून (बास-पोर्ट) झुरळे आणि पाली आत शिरतात, तिथे आतून स्टीलची बारीक जाळी लावावी. रेकॉर्डच्या कपाटात डांबरगोळ्या ठेवण्याची सवय मोडा, त्यांची वाफ काही प्लास्टिकना खाते. त्याऐवजी रंग बदलणारी सिलिका जेल ठेवावी. रंग उतरला की १२० अंशांवर दोन-तीन तास तापवली की ती पुन्हा कामाला येते.

जुने स्पीकर विकत घेणाऱ्यांनी शंकूभोवतीची कड पाहावी. फोमची कड आपल्या हवेत दहा-पंधरा वर्षांत भुगा होते, रबराची टिकते. बोट लावल्यावर फोम चिकट लागला तर कड बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोलावे. मग शंकूच्या मध्याभोवती दोन्ही हातांची बोटे समतोल ठेवून तो अलगद आत ढकलावा. खरखर लागली तर आतले तारेचे वेटोळे (कॉइल) घासते आहे. असा स्पीकर घेऊ नये.

तारवटींनी, म्हणजे गोव्यातल्या खलाशांनी, जहाजावरून परतताना आणलेले सत्तर-ऐंशीच्या दशकातले जपानी संच अजून गोव्यातल्या अनेक घरांत आहेत आणि नातवंडे ते आता पुन्हा लावू पाहतात. थेट प्लगमध्ये घालू नका. आधी मागची पाटी वाचा. जपानच्या देशी बाजारासाठी बनवलेला संच १०० व्होल्टचा असतो, त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. काही संचांना व्होल्टेज निवडायची चकती असते, ती २२० किंवा २४० वर आहे याची खात्री करावी. नंतर ६० वॅटचा तारेचा जुना बल्ब फेजमध्ये मालिकेत जोडून त्यातून संच सुरू करावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. ही जोडणी आणि पुढची मापे कळत्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावीत, वीज खेळायची वस्तू नाही. बल्ब काढल्यावर स्पीकर न जोडता स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी (एकाच दिशेचा) दाब मोजावा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवा, १०० च्या वर असेल तर दुरुस्तीशिवाय स्पीकर लावू नये, कॉइल जळते. चाळीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बहुधा बदलावेच लागतात.

वीजजोडणीत न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते, खड्ड्यात नियमित पाणी घालावे. स्पीकरमधून गुंगुं आवाज येतो म्हणून प्लगची अर्थपिन कापणे जिवावर बेतू शकते. बहुतेकदा तो आवाज केबल टीव्हीच्या तारेतून येतो. ती तार काढून पाहा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो, तेव्हा वीज गेली की संच बंद ठेवावा. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग उपसून ठेवावा, इंटरनेटची तारही.

घराघरांतल्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डविषयी एक कळकळीची विनंती. त्या अल्कोहोलने पुसू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, लेबल कोरडे, आणि रेकॉर्ड उभी ठेवून वाळवायची. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची, ती या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन फक्त खरखर उचलते. ७८ साठी ७० ते ७६ मायक्रॉनची सुई वेगळी घ्यावी. रेकॉर्डवरच्या खालच्या-वरच्या स्वरांचा तोल ठरवणारे आरआयएए वळण १९५४ च्या सुमारास रूढ झाले. त्याआधीच्या रेकॉर्ड त्यातून वाजवल्या की वरचे स्वर सहसा दबतात, मग गायिकेच्या गळ्याला मंद म्हटले जाते.

रात्री हेडफोन बरा. इअरफोनची रबरी टोपी कानात घट्ट बसली नाही तर खर्ज गळून जातो, म्हणून आवाज वाढवण्याआधी टोपीचा आकार बदलून पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबल फक्त ४ तास. पंचविशीत गेलेले वरचे स्वर कुठल्याही दुकानात मिळत नाहीत.

इतके सगळे कागदावर वाचून कानाला कळत नाही, म्हणून शासनाला आमची एक मागणी आहे. १८३२ पासूनची परंपरा असलेल्या पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात, किंवा कांपालच्या कला अकादमीत, एक श्रवणकक्ष असावा. १२ बाय १६ फूट, उंची १० फूट. या मापात ४८, ३६ आणि ५७ असे तीन वेगळे स्वर येतात, एकावर एक चढत नाहीत. रॉकवूलची बारा पॅनेल, ५० वॅटचा एक अ‍ॅम्प्लिफायर, वेगवेगळ्या किमतीच्या स्पीकरच्या दोन जोड्या, आर्द्रता ५५ टक्क्यांवर राखणारा डिह्युमिडिफायर, मोजणीचा एक यूएसबी माइक आणि तीन गतींचा, दोन सुयांचा टर्नटेबल. नागरिकांनी तासभराची वेळ घेऊन यावे, खरेदीआधी ऐकावे, घरची जुनी रेकॉर्ड आणून ती २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर उतरवून न्यावी, आणि घरच्यांची हरकत नसेल तर एक प्रत ग्रंथालयात राहावी. काम एप्रिलपर्यंत पुरे झाले पाहिजे. मृग लागल्यावर रंगवलेली आणि पॅनेल लावलेली खोली वाळत नाही, आणि पहिल्याच वर्षी कापडाला बुरशी धरेल.

आपले,
ध्वनिसंचांच्या छंदातले काही वाचक,
फोंडा, गोवा